जुवैरिया : साध्या नावाचे मोल



घरात मुलगी जन्माला आली की आनंदाच्या पाठोपाठ पहिला प्रश्न उभा राहतो तो नावाचा. आजी एक नाव सुचविते, आत्या दुसरे, आणि आई-वडील हातातल्या मोबाईलवर तिसरे शोधत असतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पवित्र पत्नींची, म्हणजेच उम्महातुल मोमिनीन यांची नावे आपल्या समाजात पिढ्यान्पिढ्या दिली जात आहेत. खदिजा, आयशा, हफ्सा, जैनब, सफिया, मैमूना ही नावे आपल्या कानांना इतकी परिचित आहेत की शाळेच्या एका वर्गात दोन आयशा असल्या तर कोणाला नवल वाटत नाही. कोकणातील घरांत तर खदिजाचे 'खतिजा' होऊन ते नाव अगदी आपल्या मातीतले झाले आहे.

परंतु याच आदरणीय मातांपैकी एका मातेचे नाव आपल्याकडे त्यामानाने फार विरळ ऐकू येते. ते नाव म्हणजे जुवैरिया. असे का व्हावे? उच्चार थोडा अवघड वाटतो, हे एक कारण असेल. पण दुसरे कारण अधिक विचार करण्यासारखे आहे. हौसेने नावांची यादी उघडणाऱ्या पालकांना या नावापुढे 'लहान मुलगी' किंवा 'छोटी दासी' एवढाच अर्थ लिहिलेला दिसतो. शेजारीच 'चंद्राचा प्रकाश', 'स्वर्गातील फूल', 'राजकन्या' असे झगमगते अर्थ असतात. साहजिकच बोट पुढे सरकते आणि जुवैरिया मागे राहते.

या लेखात आपण पाहणार आहोत की हे साधे नाव कोठून आले, कोणत्या नावाच्या जागी आले, ते धारण करणाऱ्या स्त्रीने त्याला कोणते मोल मिळवून दिले आणि त्यातून मुलीचे नाव ठेवताना आपण काय शिकावे.

शब्दाचे मूळ

अरबी भाषेत एखाद्या शब्दाला लहानपणाचा किंवा जिव्हाळ्याचा अर्थ द्यायचा असेल तर त्याची घडण विशिष्ट पद्धतीने बदलली जाते. 'हसन'पासून 'हुसैन' झाला तो याच पद्धतीने. लालसर गोऱ्या वर्णाच्या स्त्रीला 'हमरा' म्हणतात. त्याचे लाडिक रूप 'हुमैरा'. त्याचप्रमाणे 'जारिया' या शब्दाचे लघुरूप म्हणजे 'जुवैरिया'. आपण मराठीत मुलीला 'छोटी', 'चिमणी', 'छकुली' अशी हाक मारतो, तशीच काहीशी गोडी या रूपात आहे.

आता 'जारिया' म्हणजे काय? या शब्दाच्या मुळाशी वाहणे, धावणे, चालू राहणे हा भाव आहे. 'सदका-ए-जारिया' हा शब्दप्रयोग आपण नेहमी वापरतो. ज्याचे पुण्य माणसाच्या मृत्यूनंतरही वाहत राहते ते दान. तेथील 'जारिया' हाच हा शब्द. पाण्यावर चालणाऱ्या नौकेसाठीही पवित्र कुरआनात हा शब्द आला आहे. अरबी कोशकारांनी म्हटले आहे की तरुण मुलीला 'जारिया' म्हणू लागले ते तिच्या चपळाईमुळे, तिच्या धावपळीमुळे. पुढे गुलामीच्या प्रथेत कामकाज करणाऱ्या दासीसाठीही हाच शब्द रूढ झाला. म्हणून जुवैरियाचा सरळ अर्थ 'लहानशी मुलगी' असा होतो. 'छोटी दासी' ही त्याच शब्दाची नंतर रूढ झालेली दुसरी छटा आहे.

काही ठिकाणी या नावाचा अर्थ 'गुलाब' असाही सांगितला जातो. तो नामसादृश्यातून झालेला घोटाळा आहे. अरबीत एका सुगंधी गुलाबाला 'जूरी' म्हणतात. ते नाव इराणच्या फार्स प्रांतातील 'जूर' या प्राचीन शहरावरून पडले. त्या शब्दाचा आणि जुवैरियाचा धातू वेगळा आहे. नावाला फुलाचा अर्थ चिकटविल्याने ते अधिक सुंदर होते, असे मानण्याची आपल्याला गरज नाही. ते जसे आहे तसेच पुरेसे सुंदर आहे, हे पुढील हकीकतीवरून स्पष्ट होईल.

'बर्रा'च्या जागी 'जुवैरिया'

हजरत जुवैरिया (रजि.) यांचे मूळ नाव जुवैरिया नव्हते. त्यांचे नाव होते 'बर्रा'. बर्रा म्हणजे पुण्यशील, सदाचारी स्त्री. ज्या 'बिर्र' शब्दाने पवित्र कुरआन खऱ्या सत्कर्माचे वर्णन करतो, त्याच शब्दाशी या नावाचे नाते आहे. अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर याहून उत्तम नाव कोणते असणार? कुरैश घराण्यांतही ते प्रचलित होते. स्वतः प्रेषित (स.) यांच्या आजोळच्या आजीचे नाव बर्रा होते आणि त्यांच्या एका आत्याचेही नाव बर्रा होते.

असे असताना प्रेषित (स.) यांनी ते बदलले. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आलेल्या हदीसचा आशय असा की, प्रेषित (स.) बर्राकडून निघून गेले, असे लोकांच्या तोंडी येणे त्यांना आवडले नाही. कारण तेच वाक्य 'पुण्याईपासून निघून गेले' असेही ऐकू येऊ शकते. रोजच्या बोलण्यात नाव कसे कसे उच्चारले जाईल, याचा किती सूक्ष्म विचार येथे दिसतो!

दुसरे एक कारण याच नावाच्या दुसऱ्या प्रसंगात स्पष्ट झाले आहे. हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) यांचेही मूळ नाव बर्रा होते आणि हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या कन्येचेही. दोघींची नावे बदलून जैनब ठेवण्यात आली. त्या वेळी प्रेषित (स.) यांनी दिलेल्या शिकवणुकीचा भावार्थ असा की, स्वतःला पवित्र म्हणवून घेऊ नका, तुमच्यापैकी सदाचारी कोण हे अल्लाह अधिक चांगले जाणतो. पवित्र कुरआनाच्या सूरह नज्ममध्येही (आयत ३२) स्वतःच्या पावित्र्याचे दावे करण्यास मनाई आली आहे.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. 'पुण्यशील' हे नाव काढून त्या जागी काय ठेवले गेले? 'महापुण्यशील' नव्हे, 'राणी' नव्हे, 'चंद्रकोर' नव्हे. ठेवले गेले 'छोटी मुलगी'. आपण ज्याला किरकोळ अर्थ समजून पुढे सरकतो, तेच नाव प्रेषित (स.) यांनी भारदस्त नावाच्या जागी पसंत केले. नावाने पुण्याईचा दावा करू नये. पुण्याई आचरणातून प्रकट व्हावी, हा त्यातील धडा आहे.

बंदिवासातून मुक्तीकडे

आता ज्या स्त्रीने हे नाव धारण केले तिच्याकडे वळू. हजरत जुवैरिया (रजि.) या खुजाआ कबिल्याच्या बनू मुस्तलिक शाखेच्या सरदाराच्या, हारिस बिन अबी जिरार यांच्या कन्या. हिजरी सन ५ मध्ये, काही इतिहासकारांच्या मते ६ मध्ये, मुरैसीअ नावाच्या पाणवठ्याजवळ बनू मुस्तलिक आणि मुस्लिम सैन्य यांची गाठ पडली. बनू मुस्तलिकचा पराभव झाला. अनेक स्त्री-पुरुष युद्धकैदी झाले. त्यांत सरदाराची ही कन्याही होती. त्यांचे वय त्या वेळी सुमारे वीस वर्षांचे होते.

त्या काळच्या युद्धरीतीनुसार कैद्यांची वाटणी झाली आणि त्या हजरत साबित बिन कैस (रजि.) यांच्या वाट्याला आल्या. काल जी सरदाराची लेक होती ती आज पराधीन झाली. पण त्या खचल्या नाहीत. त्यांनी साबित (रजि.) यांच्याशी मुकातबतचा करार केला. ठराविक रक्कम भरून आपले स्वातंत्र्य मिळविण्याचा हा करार असे. मात्र रक्कम आणायची कोठून? त्या सरळ प्रेषित (स.) यांच्याकडे गेल्या, आपण कोण आहोत, आपल्यावर कोणती वेळ आली आहे हे स्पष्ट शब्दांत सांगितले आणि मुक्तीच्या रकमेसाठी साहाय्य मागितले.

हा प्रसंग आपल्यापर्यंत हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून पोहोचला आहे. त्यांनी प्रामाणिकपणे हेही सांगितले आहे की, या देखण्या स्त्रीला दारात पाहताच आपल्या मनाला ते रुचले नव्हते. प्रेषित (स.) यांनी साहाय्याची विनंती मान्य केली आणि त्याहून चांगला एक प्रस्ताव पुढे ठेवला : कराराची रक्कम आपण भरू आणि त्यांच्याशी विवाह करू. त्यांनी तो स्वीकारला.

ही वार्ता मदीनेत पसरली. आता बनू मुस्तलिकचे लोक प्रेषित (स.) यांच्या सासरचे झाले होते. प्रेषितांच्या सासरच्या माणसांना आपण गुलाम म्हणून कसे ठेवावे, या विचाराने सहाबांनी आपापल्याकडील कैदी सोडून दिले. एका विवाहामुळे बनू मुस्तलिकची शंभर घराणी मुक्त झाली. त्यावर हजरत आयशा (रजि.) यांनी जी साक्ष दिली तिचा आशय असा की, आपल्या लोकांसाठी जुवैरियाहून अधिक बरकत घेऊन आलेली स्त्री आपल्या माहितीत नाही. ज्यांच्या मनात प्रथम किंतु आला होता, त्यांच्याच मुखातून ही थोर प्रशंसा निघाली. साक्ष देणाऱ्या आणि जिच्याविषयी साक्ष दिली त्या, दोघींचेही मोठेपण यात दिसते.

पुढे पिता हारिस यांनीही इस्लामचा स्वीकार केला, असे चरित्रकार सांगतात.

'जारिया' या शब्दाची एक छटा 'दासी' अशी आहे हे आपण पाहिले. ज्यांच्यामुळे शंभर घराण्यांच्या गळ्यातील गुलामीचा फास सुटला, त्यांच्या नावात ही छटा आहे. मग त्या शब्दाची लाज वाटावी की अभिमान?

थोडे, पण वजनदार

हजरत जुवैरिया (रजि.) यांच्याकडून मोजक्याच हदीस आपल्यापर्यंत आल्या आहेत. त्यांतील दोन त्यांच्या स्वभावावर चांगला प्रकाश टाकतात.

पहिली सहीह मुस्लिममधील. एके दिवशी पहाटे फजरच्या नमाजाच्या वेळी प्रेषित (स.) त्यांच्याकडून बाहेर पडले. त्या आपल्या नमाजाच्या जागेवर बसून अल्लाहचे स्मरण करीत होत्या. दिवस चांगला वर आल्यावर प्रेषित (स.) परतले, तरी त्या तेथेच बसलेल्या. तुम्ही मघापासून याच स्थितीत आहात काय, असे प्रेषित (स.) यांनी विचारले. त्या 'होय' म्हणाल्या. तेव्हा प्रेषित (स.) यांनी सांगितले की, त्यांच्याकडून निघाल्यानंतर आपण चार वचने तीनदा म्हटली आहेत, त्यांच्या आतापर्यंतच्या सर्व स्मरणाशी ती तोलली तर तीच भारी ठरतील. त्या वचनांत अल्लाहची स्तुती व पावित्र्य त्याच्या निर्मितीच्या संख्येइतके, त्याच्या प्रसन्नतेइतके, त्याच्या सिंहासनाच्या वजनाइतके आणि त्याची वचने लिहिण्यास लागणाऱ्या शाईइतके वर्णिले आहे. आजही असंख्य मुस्लिम बंधू-भगिनी सकाळच्या वेळी हा जिक्र करतात; तो आपल्याला मिळाला या मातेच्या नमाजाच्या जागेवरून.

दुसरी सहीह बुखारीमधील. एका शुक्रवारी प्रेषित (स.) त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांचा रोजा होता. काल रोजा ठेवला होता काय, असे विचारले. त्या नाही म्हणाल्या. उद्या ठेवणार आहात काय? त्यावरही त्या नाही म्हणाल्या. तेव्हा तो रोजा सोडण्यास सांगण्यात आले, कारण ऐच्छिक रोजासाठी एकटा शुक्रवार निवडणे योग्य नव्हे.

दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. या मातेची उपासनेची ओढ मोठी होती, आणि त्या ओढीला प्रेषित (स.) यांनी प्रमाण शिकविले. फार वेळ, फार शब्द, फार कष्ट यांतच थोरवी असते असे नाही. थोडक्या शब्दांत अधिक वजन असू शकते. नावाच्या बाबतीतही हेच खरे नाही काय? 'छोटी मुलगी' एवढ्या छोट्या अर्थाचे नाव, पण त्यामागे उभे आयुष्य इतके वजनदार की चौदा शतकांनंतरही ते आदराने उच्चारले जाते.

हिजरी सन ५० मध्ये, काहींच्या मते ५६ मध्ये, त्यांचे मदीनेत निधन झाले. मदीनेचा तत्कालीन अधिकारी मरवान बिन हकम याने त्यांच्या जनाज्याची नमाज पढविली.

नावाचा पुढील प्रवास

जुवैरिया हे नाव प्रेषित (स.) यांनी नव्याने घडविलेले नव्हते. अरबांत ते आधीपासून वापरात होते. इस्लामचा कट्टर शत्रू अबू जहल याच्या कन्येचे नावही जुवैरिया असल्याचे चरित्रग्रंथांत आढळते. मक्काविजयानंतर त्यांनी इस्लाम स्वीकारला. हजरत अबू सुफियान (रजि.) यांच्याही एका कन्येचे हे नाव होते. अधिक नवल वाटेल अशी गोष्ट म्हणजे हदीसशास्त्रात जुवैरिया बिन अस्मा नावाचे एक विश्वसनीय पुरुष रावी होऊन गेले. ते बसऱ्याचे; त्यांनी नाफेअ यांच्याकडून हदीस घेतल्या आणि त्यांच्या कथनांना सहीह बुखारीत स्थान मिळाले. स्वतःचे नाव जुवैरिया आणि वडिलांचे नाव अस्मा! आज दोन्ही नावे आपण केवळ मुलींची मानतो.

भारतीय उपखंडात हे नाव 'जुवेरिया', 'जवेरिया' अशा रूपांत आढळते. महिला क्रिकेटची आवड असणाऱ्यांना पाकिस्तानच्या संघाचे कर्णधारपद भूषविलेली जवेरिया खान आठवत असेल. आपल्या महाराष्ट्रात मात्र आयशा, फातिमा यांच्या तुलनेत हे नाव विरळच आहे.

दुर्मिळतेचा मोह

आज अनेक पालकांची अपेक्षा असते की आपल्या मुलीचे नाव 'कोणाचेच नसलेले' असावे. दुर्मिळ नाव ठेवणे हा काही दोष नाही. पवित्र कुरआनाच्या सूरह मरियममध्ये (आयत ७) हजरत जकरिया (अलै.) यांना पुत्राची शुभवार्ता देताना त्याचे नाव यह्या सांगितले गेले, आणि अनेक भाष्यकारांच्या मते यापूर्वी हे नाव कोणालाही दिले गेले नव्हते, असा त्या आयतीचा आशय आहे. परंतु ते नाव अल्लाहने दिले होते. शेजाऱ्यांहून वेगळे दिसण्यासाठी कोणी शोधून काढलेले नव्हते.

दुर्मिळतेच्या हव्यासात अर्थ हरवतो, ही खरी काळजीची बाब आहे. कुरआनात शब्द आला आहे एवढ्यावरून तो नाव होण्यास योग्य ठरत नाही. 'अनमता' हे नाव अलीकडे काही मुलींना दिले जाते. सूरह फातिहातील ज्या शब्दापासून ते घेतले आहे, त्याचा अर्थ 'तू कृपा केलीस' असा आहे. ते क्रियापद आहे आणि तेथे संबोधन अल्लाहला आहे. 'मिन्हा' या नावाचेही तसेच. अरबीतील एका 'ह'ने लिहिले तर त्याचा अर्थ 'देणगी' होतो, दुसऱ्या 'ह'ने लिहिले तर केवळ 'तिच्यापासून'. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. ज्या मुलींची अशी नावे आहेत त्यांनी संकोच मानण्याचे काहीच कारण नाही. त्यांत वाईट अर्थ नाही. पण पुढे नाव ठेवणाऱ्यांनी तरी केवळ कानाला गोड लागते म्हणून न थांबता जाणकाराला अर्थ विचारावा.

याचे सर्वांत बोलके उदाहरण 'आसिया' हे आहे. फिरऔनच्या ईमानवंत पत्नीचे हे नाव हदीसमध्ये आदराने आले आहे. ते अलिफ आणि सीन या अक्षरांनी लिहितात. मात्र ऐन आणि स्वाद या अक्षरांनी लिहिलेल्या 'आसिया'चा अर्थ होतो 'अवज्ञा करणारी'. हजरत उमर (रजि.) यांच्या एका कन्येचे हे दुसरे नाव होते; प्रेषित (स.) यांनी ते बदलून 'जमीला' ठेवले. देवनागरीत किंवा इंग्रजी जन्मदाखल्यावर या दोन नावांतील फरक पुसला जातो. म्हणून घरातील उर्दू-अरबी कागदावर नाव एकदा नीट लिहून ठेवावे.

नाव बदलणे कधी?

आपल्या समाजात एक चुकीची समजूत आहे. मूल वारंवार आजारी पडू लागले की 'नाव जड आहे' असे सांगून ते बदलण्याचा सल्ला दिला जातो. बर्राची जुवैरिया झाली ती आजारपणामुळे नव्हे, ग्रह किंवा अक्षर जुळत नव्हते म्हणूनही नव्हे. प्रेषित (स.) यांनी नावे बदलली ती अर्थासाठी : कोठे अवज्ञेचा अर्थ होता, कोठे आत्मप्रशंसेचा. आजारी बाळाला वैद्यकीय उपचार आणि दुआ यांची गरज असते. पुण्यवान मातांची नावे कोणाच्याही लेकरावर भार होत नसतात.

याउलट, जेथे नावच मुलीचा अपमान करते तेथे ते बदलणे पुण्यकर्म आहे. आपल्याच महाराष्ट्रात मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून तिचे नाव 'नकुशा', 'नकोशी' ठेवण्याची प्रथा काही भागांत होती. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या मुलींना आयुष्यात प्रथमच आपल्याला कोणीतरी हवे आहे असे नाव मिळाले. ही मानसिकता कोणा एका समाजापुरती मर्यादित आहे, असे समजून आपण निश्चिंत राहू नये. मुलीच्या जन्माची वार्ता ऐकून चेहरा काळवंडणाऱ्या माणसाचे चित्र पवित्र कुरआनाने सूरह नहलमध्ये (आयत ५८-५९) रेखाटले आहे आणि त्या वृत्तीचा निषेध केला आहे. मुलगी झाल्यावर आपल्या घरातील मिठाई थांबते का, दवाखान्यात येणाऱ्यांचे सूर उतरतात का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. तसे होत असेल तर नाव कितीही सुंदर ठेवले तरी वागणुकीने आपण तिला 'नकोशी'च म्हटले, असे होईल.

हजरत मरियम (अलै.) यांच्या मातेचे उदाहरण आपल्यासमोर आहे. मुलगी जन्मली तेव्हा तिने स्वतः तिचे नाव मरियम ठेवले आणि तिला व तिच्या संततीला अल्लाहच्या आश्रयात दिले. सूरह आले इमरानमध्ये (आयत ३६) नाव आणि दुआ या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. आपणही नाव ठेवताना दुआ विसरू नये.

काही व्यावहारिक सूचना

१. बाळाचे नाव सातव्या दिवशी अकीक्याच्या वेळी ठेवण्याची सुन्नत परिचित आहे. जन्मानंतर लगेच नाव ठेवणेही सिद्ध आहे, प्रेषित (स.) यांनी आपला पुत्र इब्राहिम याचे नाव जन्माच्याच रात्री ठेवले होते. अर्थाची चौकशी मात्र जन्मापूर्वीच करून ठेवणे सोयीचे.

२. जुवैरिया हे नाव ठेवणार असाल तर उच्चार नीट शिकवा. मराठीत 'जुना', 'जुळे' या शब्दांतील 'ज' दंततालव्य आहे. त्या सवयीने या नावातील 'ज'ही तसाच उच्चारला जातो. अरबी उच्चार 'जीवन'मधील 'ज'सारखा आहे. मराठी माणसाचा 'ऐ' मात्र अरबी उच्चाराला चांगला जुळतो, तो तसाच राहू द्या.

३. जन्मनोंद, आधार आणि शाळेचा दाखला यांवर एकच वर्णलेखन ठेवा. जुवेरिया, जवेरिया, जुवैरिया अशी तीन रूपे तीन कागदांवर आली तर पुढे त्रास त्या मुलीलाच होतो.

४. पूर्ण नाव प्रेमाने घ्या. लाडाचे नाव असावे, पण ते चिडविण्याचे नसावे. एकमेकांना वाईट टोपणनावांनी हाक मारण्यास सूरह हुजुरातमध्ये (आयत ११) मनाई आहे, आणि ती मनाई घरातील लेकरांनाही लागू आहे.

५. मुलगी समजत्या वयाची झाली की तिला तिच्या नावामागील जीवन सांगा. 'तुझ्या नावाचा अर्थ छोटी मुलगी' एवढ्यावर थांबू नका. जिने संकटात मान खाली घातली नाही, स्वातंत्र्यासाठी स्वतः पुढे होऊन शब्द टाकला आणि जिच्यामुळे शंभर घराणी मुक्त झाली, त्या मातेचे हे नाव आहे, असे तिला सांगा.

वाचकहो, नाव म्हणजे आई-वडिलांच्या हौसेचा दागिना नव्हे. ती लेकराला दिलेली पहिली भेट आहे आणि ती त्याला आयुष्यभर बाळगायची असते. कोशातील अर्थ महत्त्वाचा खरा, पण त्या अर्थात प्राण ओतते ते चारित्र्य. 'पुण्यशील' नाव असूनही माणूस रिकामा राहू शकतो, आणि 'छोटी मुलगी' या नावाची स्त्री साऱ्या ईमानवंतांची माता होऊ शकते.

अल्लाह आम्हां सर्वांना आमच्या मुलींचे आनंदाने स्वागत करण्याची, त्यांना चांगली नावे देण्याची आणि त्या नावांना शोभेल असे संस्कार त्यांच्यावर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.